लग्नघरातील सूर : धवल्यापासून पहिल्या नाचापर्यंत

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात गोखिवरे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुळशीचे लग्न लागले की आपल्या आगरी घरांतून मांडवाची बोलणी सुरू होतात. सोयरीक जुळते, साखरपुडा होतो, हॉल ठरतो, जेवणावळीचा बेत ठरतो, मानपानाची यादी तीनदा लिहून तीनदा खोडली जाते. हे सर्व झाल्यावर कोणीतरी विचारतो, "वाजवायला कोण?" ह्या प्रश्नाचा निकाल बहुधा एका फोनवर लागतो. जो मोठा आवाज करील तो चांगला, आणि जो शेजारच्या गावातील लग्नाहून मोठा आवाज करील तो सर्वांत चांगला, असा हिशेब असतो. पत्रिकेतील एका नावावरून ज्या घरात दोन दिवस वाद चालतो, त्याच घरात लग्नाच्या संगीताबद्दल दोन मिनिटेही विचार होत नाही, ही गोष्ट आम्हांस चमत्कारिक वाटते. म्हणून आज ह्याच विषयावर चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. जुने ते सर्व सोने आणि नवे ते सर्व पितळ, असे सांगण्यासाठी आम्ही उभे राहिलेलो नाही. लग्नघरात नाच-गाणे नको, असे म्हणणारा मनुष्य आगरी घरात जन्मला असेल, ह्यावर आमचा विश्वास बसणार नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, लग्नात जे संगीत आपण आणतो ते कशासाठी आणतो? विधीचे गाणे वेगळे, मिरवणुकीचे वाद्य वेगळे, नाचाचा ठेका वेगळा आणि मुलीच्या पाठवणीचा सूर वेगळा. प्रत्येकाचे काम निराळे आहे. एकाचे काम दुसऱ्याला सांगितले म्हणजे घोटाळा होतो. आणि आज आपल्या मांडवात नेमका तोच घोटाळा झालेला आहे.

प्रथम विधीचे गाणे घेऊ. आपल्या लग्नाचा कणा म्हणजे धवला, आणि धवला गाणारी धवलारीण. इतर अनेक ज्ञातींत लग्न लावण्याचा अधिकार पुरोहिताचा. परंतु आपल्या समाजात मांडवातील कित्येक विधी एका स्त्रीच्या मुखाने पार पडत आले. ती देवांना आवतण देते, पितरांना आवतण देते, हळदीला, तेलाला, मांडवाला गाण्यातून बोलावून घेते. तिचे गाणे विधीच्या मधल्या वेळात करमणुकीसाठी म्हटलेले नसते. ते गाणे हाच विधी असतो. तिने म्हटले नाही तर हळद ही नुसती पिवळी पूड, आणि मांडव हा नुसता बांबू-कापडाचा आडोसा!

ह्या नावाचे वडीलपण पाहावे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबा हिने रिद्धपूर येथे श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर 'धवळे' रचले. श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा करण्याचा तो प्रसंग होता, आणि त्यासाठी ही गीते गाइली गेली. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून महदंबेचे नाव आज शाळेतील मूलही घेते. म्हणजे मराठीत स्त्रीच्या नावावर जी पहिली कविता आढळते, ती लग्नातील गाणे आहे आणि तिचे नाव धवळा आहे. तेच नाव, तोच प्रसंग, आणि गाणारी पुन्हा स्त्रीच! आपल्याच जिल्ह्यातील वारली बांधवांच्या लग्नातही धवलेरी असते. पालघाट देवीचा चौक भिंतीवर लिहिला जातो आणि धवलेरीच्या गाण्याने लग्न लागते. वारली चित्रकला आज जगभर गेली आहे; ती कला मुळात लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींच्या हातची, हे विसरून चालणार नाही.

कामाबरोबर गाणे ही आपल्या बायकांची चाल तर त्याहूनही जुनी. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर ह्याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. लग्नघरी मुसळाला हात लावून बायका घाण्याची गाणी म्हणतात, तेव्हा एका राजाने आठ-नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली गोष्ट त्या आपल्या अंगणात पुन्हा करीत असतात. हे वैभव ज्या घरात आहे, त्या घराने "आमच्याकडे जुनेपाने काहीतरी बायका म्हणतात" असे पाहुण्यांना ओशाळून सांगावे, ह्यासारखी दुःखाची गोष्ट नाही.

आणि आज मांडवात घडते काय? धवलारीण पाटाजवळ बसून गात असते, आणि दहा हातांवर ध्वनियंत्रणेचा माणूस भोंग्यांची तपासणी करीत असतो. आम्ही असे अनेकदा पाहिले आहे. म्हातारी दोन ओळी म्हणते, थांबते, पुन्हा म्हणते. शेवटी तिचे ओठ हलताना दिसतात, शब्द कोणालाच ऐकू येत नाहीत. घरातील कर्ता पुरुष येऊन म्हणतो, "आजी, जरा आटपा." ध्वनियंत्रणेच्या माणसाला "जरा थांब" असे म्हणण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नाही. बिदागीच्या वेळी त्या माणसाला ठरलेली रक्कम मोजून मिळते. धवलारणीच्या हातात लुगडे आणि खुशीने जे काही द्यायचे ते पडते. मग तिच्या नातीने हे गाणे का शिकावे? विद्या मरते ती कोणी मारल्यामुळे नव्हे. ती शिकून काही मान नाही, असे पुढच्या पिढीला दिसल्यामुळे मरते. हे धवले बहुतांशी तोंडी चालत आले. धवलारणींतील वडीलधारी माणसे आता थकली आहेत. एकेक गेली की एकेक पोथी जळाल्यासारखे होते.

आता वाद्यांकडे वळू. सनई हे मंगलवाद्य. देवळाचा नगारखाना आणि लग्नाचा मांडव ह्या दोन जागी ती वाढली. उस्ताद बिस्मिल्ला खाँ ह्यांनी तिला मैफलीत नेऊन बसविले आणि २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले. तथापि आपल्या मांडवात सनई उरली ती ध्वनिमुद्रणातून वाजणारी. ताशा-वाजंत्री वाजविणारे कलावंत गावोगावी होते. त्यांना बोलावणे कमी झाले तशी त्यांची मुले दुसऱ्या कामाला लागली. पितळी बँड लष्करी पलटणींच्या वाद्यवृंदांच्या नमुन्यावरून आपल्याकडे आला आणि वरातीत स्थिरावला.

बेंजोची कथा मात्र सांगण्यासारखी आहे. आपल्या गावांतील पोरे ज्याला बेंजो म्हणतात तो अमेरिकेतील बेंजो नव्हे. १९१२ साली जपानमधील नागोया शहरी गोरो मोरिता ह्या गृहस्थाने तारांवर कळा बसवून 'ताइशोगोतो' हे वाद्य तयार केले. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले, आणि मुंबईकडील कारागिरांनी त्याला विजेची जोड देऊन बेंजो केले. म्हणजे ज्याला आपण आगरी-कोळी हळदीचा प्राण समजतो, ते वाद्य परदेशाहून येऊन आपल्या घरी जावई झालेले आहे! नव्याला आपलेसे करण्याची ताकद आपल्या समाजात किती आहे, ह्याचा हा पुरावा होय. म्हणून नवे वाद्य आले की धर्म बुडाला, अशी ओरड आम्ही करणार नाही. बेंजोचे पथक म्हणजे आपल्याच गावची दहा-बारा मुले. ती घाम गाळून वाजवितात, ठेका चुकला तर लाजतात, नाचणाऱ्याच्या पायाकडे पाहून लय वाढवितात. हे जिवंत संगीत आहे. भोंग्यांच्या भिंतीला नाचणाऱ्याचा पाय दिसत नाही.

मंगलाष्टकांविषयी थोडे बोलतो. ती बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. एका चरणात एकोणीस अक्षरे आणि बाराव्या अक्षरावर विसावा, ही त्याची घडण. त्या विसाव्यामुळेच गाणाऱ्याला श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला गांभीर्य जाणवते. परंतु हल्ली मामा, काका, शेजारी आणि वराचे मित्र असे प्रत्येकजण आपापले अष्टक लिहून आणतात. कोणाची अक्षरे सतरा भरतात, कोणाची तेवीस. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना वधूवर उभे, पाहुण्यांच्या मुठीतील अक्षता घामाने ओल्या, मुहूर्त निघून जाण्याच्या बेतात, आणि मामांचे चौथे कडवे अजून चालू! समर्थ रामदास 'सावधान' हा शब्द ऐकताच बोहल्यावरून निघून गेले, अशी आख्यायिका आहे. त्या काळी एवढी अष्टके असती तर सावधान शब्द येईपर्यंत समर्थांना धावण्याची शक्ती उरली नसती. तेव्हा अष्टके मोजकी असावीत, वृत्तात असावीत, आणि स्वच्छ गळ्याच्या एकाच माणसाने म्हणावीत.

ह्यापुढचा प्रश्न तरुण मंडळींचा, आणि तो आम्ही टाळणार नाही. स्वागतसमारंभात वधूवरांनी दोघांनीच नाचण्याची रीत आता आपल्याही हॉलांतून आली आहे. ज्येष्ठांना ती खटकते. ही रीत युरोपातील, हे खरे. परंतु वसईकरांना ती अपरिचित नाही. आपले ख्रिस्ती शेजारी लग्नात बँड लावून वॉल्ट्झ नाचतात आणि त्याच लग्नात उंबराच्या पाण्याचा जुना विधीही करतात. जुने-नवे दोन्ही एका मांडवात नांदविण्याचा हा धडा आपल्या शेजारीच आहे. वॉल्ट्झ हा तीन मात्रांचा नाच. आपल्या कोळीगीतांचा डोलणारा ठेका सहा मात्रांचा. तीन आणि तीन. दोहोंचा झोका एकमेकांस परका नाही. मग पहिल्या नाचासाठी दूरचे, शब्द न समजणारे गाणेच कशाला? शांता शेळके ह्यांनी लिहिलेले, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेले आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार ह्यांनी गाइलेले 'मी डोलकर' घ्या. दोघांच्या गळ्यातील गाणे आहे, सागराचा ठेका आहे, आणि आजीपासून नातवापर्यंत साऱ्यांच्या ओळखीचे आहे.

गाणे निवडताना मुख्य नियम हा की, चाल ऐकून भुलू नये. शब्द वाचावेत आणि गाण्याचा प्रसंग समजून घ्यावा. हिंदी चित्रपटांतील कित्येक गोड गाणी विरहाची किंवा विश्वासघाताची असतात, आणि ती बोहल्याशेजारी बिनदिक्कत वाजतात. ही चूक केवळ आपली आहे असे नाही. पाश्चात्त्य देशांत वधूच्या प्रवेशाच्या वेळी वाजणारी प्रसिद्ध धून वाग्नर ह्या जर्मन संगीतकाराच्या 'लोहेनग्रिन' ह्या १८५० साली रंगभूमीवर आलेल्या संगीतिकेतील आहे. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या कन्येचे लग्न १८५८ साली झाले, त्यात ती वाजली आणि मेंडेल्सोनच्या विवाहधुनेबरोबर जगभर रूढ झाली. परंतु त्या संगीतिकेत पुढे काय होते? ज्या जोडप्यासाठी ती धून गाइली जाते, त्यांचे लग्न त्याच रात्री मोडते! वधू वराला विचारू नये तो प्रश्न विचारते, आणि वर तिला सोडून जातो. हे ठाऊक असते तर किती वधूपित्यांनी ती धून निवडली असती?

आणखी एक गोष्ट मुलामुलींच्या आईबापांना सांगावयाची आहे. आपला जुना नाच सर्वांचा आहे. गौरीच्या फेरात जी सून नाचते, तिच्या शेजारी सासूही नाचते. कोणी कोणाकडे पाहत बसत नाही. दोघांच्या नाचात मात्र दोघे नाचतात आणि पाचशे माणसे पाहतात. एखादी मुलगी लाजरी असते. दोन दिवस हळदीने आणि जागरणाने थकलेली असते. तिला नको असेल तर केवळ छायाचित्रकाराच्या हौसेखातर तिला व्यासपीठावर उभी करू नये. तिला हौस असेल, तर आजोबांनी कपाळाला आठी घालू नये. हा निर्णय तिचा. दोन-तीन मिनिटे दोघांनी नाचावे, आणि मग दोन्ही घरच्या आयांना, मावश्यांना, आत्यांना हाताला धरून फेरात ओढावे. पाश्चात्त्य रीत अशा रीतीने आगरी होईल, बेंजो झाला तशी.

पाठवणीचे संगीत हे सर्वांत नाजूक. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. कण्वमुनी शकुंतलेला सासरी पाठवितात, तो प्रसंग मराठी माणसाने तेव्हापासून गाण्यातून ऐकला. पुढे पी. सावळाराम ह्यांचे 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का' हे गीत वसंत प्रभूंच्या चालीत लताबाईंनी गाइले, आणि ते घरोघरच्या पाठवणीचे गाणे झाले. तरीही आम्ही असे म्हणू की, मुलगी उंबरठा ओलांडत असताना यंत्रातून काहीही वाजवू नये. आईने जे काय म्हणायचे ते म्हणावे. तेवढा वेळ लग्नघराने शांत राहावे. सर्व प्रसंगांत संगीत असलेच पाहिजे असे नाही, हे समजणे हाही संगीताच्या निवडीचाच भाग आहे.

आता आवाजाविषयी. गोखिवरे पूर्वी कसे होते हे ज्येष्ठांना सांगावयास नको. घराभोवती वाडी, वाडीपलीकडे शेत, आणि शेतापलीकडे तुंगारेश्वराचा डोंगर. हळदीच्या रात्रीचा ढोल शेतातून जाऊन डोंगराला लागे आणि विरून जाई. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. अंगणाला लागून इमारती उठल्या, कारखान्यांच्या वसाहती वाढल्या. आज आपल्या मांडवाशेजारच्या भिंतीआड रात्रपाळीहून आलेला कामगार निजलेला असतो, तान्हे मूल असते, परीक्षेची मुलगी असते, हृदयविकाराचा रुग्ण असतो. तो आपल्या ज्ञातीचा नसेल. पण तो आपला शेजारी आहे, आणि शेजाऱ्याला झोप देणे ही आगरी पाहुणचाराचीच एक बाजू आहे.

कायदा काय म्हणतो तेही ऐकावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये पुन्हा बजावले. मध्यरात्रीपर्यंतची जी मोजक्या दिवसांची सवलत सरकार जाहीर करते, ती सार्वजनिक उत्सवांसाठी. तुमच्या-आमच्या हळदीसाठी नव्हे. डेसिबलचे गणितही सरळ नाही. दहाने आकडा वाढला की ध्वनीची तीव्रता दहापट होते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास सोसावा, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करावी, असे श्रवणाचे जाणकार सांगतात. ह्या हिशेबाने १०० डेसिबलच्या आवाजासमोर उभे राहण्याची मुदत अवघी पंधरा मिनिटे! आणि आपण तान्ह्या मुलांना खांद्यावर घेऊन त्या भोंग्यांसमोर चार-चार तास नाचतो.

ह्याच ओघात एक उपयुक्त माहिती. लग्नात गाणी वाजविल्याबद्दल कोणी परवान्याचे शुल्क मागू लागल्यास घाबरू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधीला सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नासंबंधीचे इतर सामाजिक समारंभ त्यातच मोडतात. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सूचना काढून हे स्पष्ट केलेले आहे.

आता शेवटचे चार मुद्दे संस्थेच्या आणि सभासद कुटुंबांच्या विचारार्थ ठेवतो. पहिला : लग्नाच्या यादीत धवलारणीचे नाव ध्वनियंत्रणेच्या वर लिहावे, तिची बिदागी आधी ठरवावी, आणि ती गात असेपर्यंत मांडवातील प्रत्येक यंत्र बंद ठेवावे. दुसरा : उघड्यावरील हळदीचा नाच सायंकाळी लवकर सुरू करून रात्री दहाला थांबवावा, त्यानंतर बायकांनी बसून गाणी म्हणावीत, त्यांना ध्वनिक्षेपक लागत नाही. तिसरा : शक्य तेथे गावातील बेंजोच्या मुलांना व वाजंत्र्यांना बोलवावे, म्हणजे लग्नातील पैसा गावात राहतो आणि विद्याही गावात राहते. चौथा, आणि आमच्या दृष्टीने मुख्य : ज्याच्या त्याच्या खिशात आज ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावच्या धवलारणीजवळ, तिच्या संमतीने, एक दुपार बसावे. तिचे धवले मुद्रित करावेत, शब्द लिहून काढावेत, गाणारीचे नाव त्यावर घालावे आणि प्रत संस्थेकडे द्यावी. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत भाषणांऐवजी ही गाणी छापली गेली, तर आमच्यासारख्या वक्त्यांची कोणालाही उणीव भासणार नाही.

मुलांनो, तुमच्यावर आमचा राग नाही. तुम्ही खूप नाचा. पण नाच सुरू होण्यापूर्वी अर्धा तास त्या आजीजवळ बसा आणि ती काय म्हणते ते ऐका. ती तुमच्याच आज्या-पणज्यांची नावे घेऊन त्यांना तुमच्या लग्नाला बोलावीत असते. ते बोलावणे त्यांच्यापर्यंत पोहोचू द्या.